हळदीच्या गोदामातला ड्रम

राहीआजी डोळे मिटून ऐकत होत्या आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. आम्ही बनवलेला तुकडा सुरू झाला आणि बोटं थांबली.

"हे काय मधीच?" त्या म्हणाल्या. "जिन्यावरनं स्टीलचा डबा गडगडल्यागत?"

त्यांचा नातू ऋषिराज माझ्याकडं बघायला लागला आणि मी लॅपटॉपकडं. आम्ही दोघं सांगलीत फिजिक्सला एका वर्गात होतो. एमएस्सी झाल्यावर तो विट्यात क्लास घ्यायला लागला आणि मी आष्ट्यात आमच्या घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ थाटला. एक बरा माइक, दोन स्पीकर, एक लॅपटॉप. पोरांची रॅप गाणी आणि निवडणुकीतल्या रिक्षांच्या घोषणा रेकॉर्ड करून माझं चाललं होतं. राहीआजींचं गाणं हे मात्र पहिलंच काम असं, की त्याच्या विचारानं पहाटे आपोआप जाग यायची.

गाणं गोफणीचं आहे. शाळूच्या राखणीला माचाणावर उभी राहिलेली बाई पाखरं हाकलता हाकलता पलीकडच्या रानातल्या माणसाला चिडवते. आजींनी ते चाळीसएक वर्षांपूर्वी मधुरंग ऑर्केस्ट्राबरोबर गायलं. त्यांच्या आवाजाचं तेवढं एकच रेकॉर्डिंग उरलंय. पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं, बोलणं घोगरं होऊन राहिलं आणि गाणं कायमचं थांबलं. ऋषिराजचे वडील त्रिचूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवतात. त्यांनी ती जुनी स्पूलची फीत तिकडच्या एका जाणकाराकडून संगणकावर उतरवून आणली. जवळजवळ सगळं वाचलं होतं. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्ये फितीवरचा तपकिरी थर सोलून निघाला होता, आणि तिथं अर्ध्या मिनिटाचा खड्डा पडला होता. त्या जागेत ना आजींचा आवाज होता, ना पेटी. तिथं फक्त ड्रम वाजायचा.

फक्त ड्रम! मला वाटलं, हे तर सोपं आहे. इंटरनेटवर जुन्या ड्रमच्या आवाजांचे ढीग मिळतात. आम्ही त्यातले चांगले निवडले, ताल जुळवला, खड्डा भरला. आणि आजींनी एका वाक्यात त्याचा डबा केला.

"येत्या रविवारी आमची ऑर्केस्ट्राची उरलीसुरली माणसं इथं विट्यात हॉलमधी जमणार हाईत," त्या म्हणाल्या. "लावायचं तर गाणं अख्खं लावा. ठिगळाचं लुगडं नेसून मी कवा स्टेजवर गेले न्हाई. ठिगळ दिसत आसंल तर ऱ्हाऊ द्या. कुणाला ऐकवू नका. मलाबी नको."

हे त्या अगदी शांतपणे बोलल्या. पण मी लॅपटॉप मिटायला लागले तशा म्हणाल्या, "एकदा पयलं कडवं तेवढं लाव." मी लावलं. स्वतःचा तरुण आवाज ऐकताना त्यांच्या गळ्याची शीर हलत होती. खड्डा यायच्या जरासं आधी त्यांनी डोळे उघडले आणि हातानंच थांबव म्हणून खूण केली.

"आजी, हा ड्रम वाजवला कुणी?" मी विचारलं.

"कोंडीबानं. वडूजकडचा हाय. जत्रंत धनगरांच्या गजी नाचाला ढोल वाजवायचा, तिथनं ऑर्केस्ट्राच्या मालकांनी उचलून ड्रमवर बसवला."

"आहेत का अजून?"

"आसंल की. त्याला मरायला टाइम कुठाय?"

*

कोंडीबानाना एसटीनं आष्ट्याला आले. तीन पोत्यांत तीन ड्रम, आणि ड्रमला तिकीट मागणाऱ्या कंडक्टरवरचा राग अजून ताजा. नाना सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, डोक्याला पटका, पण खिशातल्या मोबाइलवर लय भारी आवाजाची रिंगटोन.

"राहीबाई अजून खेकसती का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आमच्या तुकड्याला डबा म्हणाल्या."

"म्हंजे बरी हाय तब्येत."

पोती सोडली तेव्हा मी जमिनीवर मांडीच घातली. पायानं वाजवायचा मोठा ड्रम, कडकडणारा साईड ड्रम, आणि मधला खोल आवाजाचा, ज्याला वादक टॉम म्हणतात. सगळ्यांना प्लॅस्टिकच्या पानाऐवजी शेळीचं कातडं. त्या काळात मुंबईचं पान फाटलं की नवीन यायला महिने लागायचे, म्हणून नानांनी ढोलाला चढवतात तसं कातडं या विलायती ड्रमवर चढवलं होतं. तीच पद्धत त्यांनी अजून ठेवली होती. मी टॉमवर बोटानं टिचकी मारली. इंटरनेटवरच्या कुठल्याही आवाजात नव्हतं ते या टिचकीत होतं. मी ऋषिराजला फोन करून नुसती टिचकी ऐकवली.

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग तरीही जुळलं नाही. जुन्या फितीवरचा ड्रम कसा वाजतो ते सांगते. धान्यानं भरलेल्या पोत्यावर तळहात मारावा तसा. जवळ, जाड, उबदार, आणि लगेच संपणारा. आमचा ड्रम माडीच्या भिंतींवर आपटून परत येत होता. मी एक फुगा फोडून मोजलं. फुग्याचा आवाज खोलीत किती वेळ रेंगाळतो, त्यावरून खोलीचा स्वभाव कळतो. आमच्या खोलीत तो बराच रेंगाळत होता.

"नाना, तेव्हा रेकॉर्डिंग कुठं झालं होतं?"

"सांगलीत. हळदीच्या गोदामात."

"गोदामात?"

"तर काय! दुसरीकडं कुठंबी ट्रकाचा भोंगा यायचा. मालकांच्या वळखीचा एक अडत्या हुता, त्यानं एक दिस गोदाम दिलं. चारी बाजूला छतापत्तुर हळदीची पोती. मधी आमी. राहीबाई दर वळीला शिंकायची."

मी उठून उभी राहिले. चारी बाजूंना पोती! आवाज गिळणाऱ्या भिंती! आणि आमच्याच घरी खाली, पडवीच्या खोलीत, पप्पांनी भाव वाढायची वाट बघत हळद भरून ठेवलेली. पप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांची हळद हा त्यांच्या लेखी सरहद्दीएवढाच नाजूक विषय आहे.

"माडीवर न्यायची?" ते म्हणाले. "कशाला?"

"ड्रमला भिंत करायला."

"हळदीला ढोल ऐकवून भाव वाढतो का?"

"पप्पा, चार दिवस."

त्यांनी थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला, मग बनियनवर येऊन पहिलं पोतं स्वतःच पाठीवर घेतलं. ऋषिराज विट्याहून आला आणि त्यानं तीन पोत्यांतच कंबर धरली. नाना पायरीवर बसून त्याला म्हणाले, "गड्या, तुझ्या आजीला पेटीसकट उचलून स्टेजवर ठेवायचो आमी." संध्याकाळपर्यंत माडीवर पिवळी भिंत उभी राहिली आणि खाली आई शिंकून शिंकून बेजार झाली. मी परत फुगा फोडला. नुसतं फट्. मागं काही नाही.

आम्ही वाजवलं. मी ऐकलं आणि टाळीच वाजवली. खोली नाहीशी झाली होती! माइकही मी एकच ठेवला, ड्रमच्या समोर, कारण त्या वेळी त्यांच्याकडं एकच होता. मग पप्पांचा जुना कॅसेट रेकॉर्डर काढला आणि आमचा आवाज त्याच्यातून एकदा फिरवून आणला. कॅसेटवर जोराचा ठोका गेला की त्याचं टोक जरा दबतं, गोल होतं. लॅपटॉपवरचा आलेख बघताना मला ते गोल झालेलं टोक दिसलं, आणि कानालाही कळलं. जुन्या आवाजाची जी ऊब आपण म्हणतो, तिचा एक भाग हा असा मोजता येतो, याचा मला इतका आनंद झाला की मी आईला वर बोलावून आलेख दाखवला. आई म्हणाली, "छान आहे. हळद कधी खाली येणार?"

आता राहिला होता टॉमचा सूर. जुन्या फितीवर तो सेकंदाला साधारण ब्याण्णव कंपनांवर बोलतो. नानांनी कातड्याचे नट सैल केले, मी मोजलं, त्यांनी अजून सैल केले, मी मोजलं. ब्याण्णव आले. मी उड्या मारत खाली चहा आणायला गेले. वर येऊन रेकॉर्ड केलं, ऐकलं, आणि ठोका कोरडा वाटला. मोजलं तर एकशे दहाच्या वर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी जुळलेला सूर रेकॉर्डिंगच्या वेळी चढलेला. मी पंखा बंद केला. खिडकी लावली. माइकची जागा बदलली, जरी माइकनं सूर बदलत नाही हे मला पक्कं माहीत होतं. नटांवर खडूनं खुणा केल्या, ते आपोआप फिरतात का बघायला. खुणा जागच्या जागी होत्या. नट हलले नव्हते आणि सूर मात्र हलला होता.

शिवाय आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. खड्ड्याच्या कडेला जुन्या ड्रमचे काही ठोके वाचले होते. ते मी मोजले होते. तिथं लय जरा पुढं सरकते, प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा केसभर लवकर पडतो. नाना मात्र घड्याळासारखे वाजवत होते.

"नाना, इथं तुम्ही थोडे पळालाय. तसंच वाजवा ना."

"मी?" नाना ताठ झाले. "मी आयुष्यात कवा पळालो न्हाई. तुझं यंत्र पळालं आसंल."

शनिवार आला. दुसऱ्या दिवशी दुपारी विट्यात माणसं जमणार होती. सकाळी सूर जुळवून मी खाली चहाला गेले आणि घाईत रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले. वर आल्यावर ती फाइल पुसणार, तेवढ्यात आलेखावर मला तिच्यातली मधली शांतता फारच सपाट दिसली. मी कानाला हेडफोन लावले. आधी माझं जाणं. मग नानांचं खाकरणं. मग काहीतरी जड उचलल्याचा आवाज, दाराची कडी, पावलं, आणि बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा दार, काहीतरी ठेवल्याचा आवाज, आणि टॉमवर बोटाची एक टिचकी. ती टिचकी मी मोजली. एकशे बारा.

म्हणजे टॉम खोलीबाहेर जाऊन आला होता.

मी हेडफोन काढून ठेवले. "चहाबरोबर भजी आणते" म्हणून पुन्हा खाली गेले, जिन्याच्या वळणावर थांबून नानांची पावलं गच्चीकडं जाताना ऐकली आणि चप्पल हातात घेऊन मागोमाग चढले. नाना पाण्याच्या टाकीजवळ बसले होते. एप्रिलचं ऊन असं पडलं होतं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता. त्यांनी टॉम उन्हाकडं तोंड करून मांडीवर धरला होता आणि तव्यावरची भाकरी फिरवावी तसा हळूहळू फिरवत होते.

"नाना!"

"काय गं?"

"हे काय करताय?"

"दिसंना व्हय? ऊब देतोय."

"रोज?"

"रोज म्हंजे? वाजवायच्या आधी दर टायमाला. गार ढोल कोण वाजवतं का? आंघूळ न करता देवळात गेल्यागत हाय ते."

"मला सांगितलं का नाही?"

ते खरोखरच गोंधळले. "आता तोंड धुतो ते सांगतो का मी तुला?"

मला हसू आवरेना. तीन दिवस मी नटांवर खडू फासत होते! कातडं हवेतला दमटपणा धरतं, सैल होतं, जड होतं. उन्हात ठेवलं की सुकून ताणलं जातं आणि सूर वर चढतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण कुणी ते रोज माझ्या पाठीमागं, दात घासावेत इतक्या सवयीनं करत असेल, हे सुचलंच नाही. आणि मग लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि माझं हसू थांबलं.

"नाना, मग त्या दिवशी गोदामातही ऊब दिली असेल ना? मग तो सूर इतका खाली कसा?"

नानांचा हात थांबला. त्यांनी टॉम खाली ठेवला.

"त्या दिशी न्हाई दिली," ते म्हणाले. "गणपतीचे दिवस. आभाळ अगदी गच्च, उन्हाचा कवडसा न्हाई. मी म्हणलं पाचट पेटवून शेकतो. अडत्या अंगावर धावून आला. ज्यूटची पोती, काडी पेटवू देतोय व्हय! ढोल निस्ता भिजल्या गोधडीगत. मी मालकाला म्हणलं, आज नको. राहीबाईला म्हणलं, आज नको. ती म्हणली, मशीन आजच्या दिसापुरतं मिळालंय, वाजव गप. तसाच वाजवला. माझ्या जिंदगीतला सगळ्यात भिकार आवाज."

"भिकार?"

"ते गाणं मी परत ऐकलंच न्हाई."

चाळीस वर्षांत एकदाही नाही. मी त्यांना खाली आणलं, खुर्चीवर बसवलं, हेडफोन पटक्यावरून चढवले आणि पहिलं कडवं लावलं. सुरुवातीला ते तोंड वाकडं करून बसले होते. मग आजींचा आवाज आला. त्याच्याखाली तो ओला, जाड, पोटातून येणारा टॉम. नाना पुढं वाकले. कडवं संपलं तरी त्यांनी हेडफोन काढले नाहीत.

"ह्यो मी हाय?"

"तुम्हीच."

"बाईच्या आवाजाला कसा खालनं धरून हाय बघ." मग एकदम माझ्याकडं वळून, "पर आता मी ह्यो चांगला ढोल मुद्दाम नासवू? लोक म्हणतील कोंडीबाला वाजवायला येईना."

"लोकांना जाऊ द्या. आजी म्हणतील का?"

नानांनी टॉमच्या कडेवरून अंगठा फिरवला. "तिला पायजे तसंच गाणं, न्हाई का," ते म्हणाले. "चल. आण पाणी. नासवू."

मी आईचं जुनं सुती पातळ भिजवून पिळलं आणि टॉमवर अंथरलं. खिडक्या लावल्या, पाण्यानं भरलेली घमेली कोपऱ्यात ठेवली. खोलीतला दमटपणा मोजायचा छोटा काटा माझ्याकडं होता. तो हळूहळू चढायला लागला, तसा टॉम उतरायला लागला. एकशे पाच. नव्व्याण्णव. नाना माझ्या खांद्यावरून आकडे बघत होते आणि दर आकड्याला "अरारारा" म्हणत होते. पंच्याण्णव. मी पातळ उचललं. ब्याण्णव!

"वाजवा!"

त्यांनी वाजवलं, आणि पहिल्याच ठोक्याला माझ्या हाताच्या केसांनी मान वर केली. तोच आवाज. आणि मग असं काही झालं जे मी योजलं नव्हतं. सैल कातडं काठी परत फेकत नाही. ती तिथंच रुतल्यासारखी होते, मग हात ती स्वतःच ओढून घेतो, आणि ओढता ओढता पुढच्या ठोक्याला केसभर लवकर पोचतो. नाना पळत होते! जिथं फितीवर पळत होते तिथंच, तेवढेच. मी आलेखावर दोन्ही ठोके एकाखाली एक ठेवले आणि ओरडले. पप्पा खालून धावत आले, त्यांना वाटलं पोती कोसळली.

"बघा नाना, पळालात!"

"ढोलानं पळवलं," नाना म्हणाले. "मी न्हाई."

*

रविवारी सकाळी, माणसं जमायच्या आधी, आम्ही विट्यात राहीआजींच्या घरी गेलो. नाना बाहेरच्या खोलीत दाराशी बसले. आजींनी त्यांच्याकडं एकदा बघितलं.

"वाळलास की रं."

"तुमी न्हाई वाळला."

"बस गप."

मी स्पीकर टेबलावर ठेवले. खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. आलेखावर सांधा मला दिसत होता; मी तो स्वतः केला होता, त्यामुळं माझे कान कामाचे नव्हते. ऋषिराजला मी तीनदा ऐकवलं होतं, आणि तिन्हीदा त्याला ठिगळ सापडलं नव्हतं. पण ऋषिराजच्या कानांवर माझा भरवसा नाही. आज आजी नाही म्हणाल्या, तर गाणं पुन्हा बंद ट्रंकेत जाणार होतं, आणि तिथून ते कुणी काढेल असं वाटत नव्हतं.

गाणं सुरू झालं. आजींनी डोळे मिटले, बोटं मांडीवर आली. पहिलं कडवं. कडवं संपलं, ड्रम सुरू झाला, आमचा ड्रम. बोटं थांबली नाहीत. मी ऋषिराजचा हात इतका घट्ट धरला की त्यानं "आई गं" म्हणून तोंडावर हात ठेवला. बोटं चालू होती. मग आजींच्या कपाळावर आठी पडली. दुसरं कडवं आलं, गाणं संपलं, आणि त्यांनी डोळे उघडून थेट दाराकडं बघितलं.

"कोंडीबा."

"आं?"

"मधी पळालास."

ऋषिराजनं माझ्या मुठीतून हात सोडवून घेतला.

"त्या दिशीबी मी तुला सांगितलं हुतं," आजींचा घोगरा आवाज तापला होता. "कडवं उचलायच्या आधी दम घ्यायचा आसतो मला. तू पळालास की माझा दम तुटतो. गोदामात सगळ्यांच्या देखत सांगितलं, बाहेर आल्यावर सांगितलं. ऐकशील तर शपथ. आता पोरांनी हरवलेला तुकडा हुडकला, तर बघ, फितीवर कायमचं बसलं का न्हाई?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं की मला वाटलं हे आता सगळं बोलून टाकणार. आणि त्यांनी टाकलंच.

"राहीबाई, ते काल वाजवलंय."

"काय?"

"काल. आष्ट्यात. हिच्या माडीवर. हळदीत."

आजी माझ्याकडं वळल्या. मी मान हलवली. त्यांनी परत लावायला सांगितलं. परत ऐकलं, या वेळी डोळे उघडे ठेवून, मान स्पीकरकडं झुकवून. ड्रमच्या तुकड्यात त्यांनी एकदा हवेत बोट धरलं, जणू इथं सांधा आहे. मग ते बोट पुढं सरकवलं. मग मागं. शेवटी हात खाली घेतला.

"कुठाय गं ठिगळ?" त्या म्हणाल्या.

"सांगू?"

"नको." लगेच, जवळजवळ रागावून. "सांगू नको. आजाबात सांगू नको." मग ऋषिराजला, "तिकडं हॉलमधी मोठा स्पीकर हाय न्हवं? जा, तार-बीर बघून ये. आवाज नीट लावा. आन् ह्याला पुढच्या रांगंत बसवू नका, पुना पळंल."

ऋषिराज उठून पळालाच. नाना दारातून उठले, पटका सारखा केला, माझ्या दंडाला धरून मला अंगणात घेऊन आले आणि कुणाला तरी मुलगा झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "शिव्या दिल्या! ऐकलंस का पोरी? कालच्या वाजवण्याला तवाच्या शिव्या दिल्या!"